माळ हिरवागार झाला तरी कोकरांचं वजन वाढेना

माळकरी_शिरूर: नमस्कार मंडळी. शिरूर तालुक्यात आमची थोडी दख्खनी मेंढरं आहेत, कोकरं दोन-अडीच महिन्यांची झालीत. उन्हाळा कडब्यावर आणि बाभळीच्या शेंगांवर काढला, आता पाऊस होऊन गायरान हिरवंगार झालंय, दिवसभर चरतात, पोटं टम्म दिसतात पण वजन जागच्या जागी. दोन-तीन पातळ हगतायत. मित्र म्हणतो टॉनिक पाज. पाजू का?

सुपेकर: टॉनिक राहूद्या हो. पहिल्या पावसाचं कोवळं गवत म्हणजे ७५-८० टक्के पाणीच, कोकराचं पोट केवढंसं, ते भरलं तरी अंगी काय लागणार? त्यात उन्हाळ्यात गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना खायला कमी पडलं असेल तर दूधही कमीच असणार. सकाळी सोडायच्या आधी तुरीचं भुसकट नाहीतर कडबा टाका आणि कोकरांना मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड वेगळी द्या, मोठ्या मेंढ्या शिरणार नाहीत अशा फटीच्या आडोशात, नाहीतर सगळं त्याच फस्त करतात.

व्हेट_पुणे: चाऱ्याचं बरोबर आहे, पण मला आधी जंतांचा संशय येतोय. लेंडीतली अंडी पावसाळ्यात फुटतात आणि पिल्लं दवावर गवताच्या पात्यावर चढतात, म्हणून दव वाळल्यावरच सोडा. खालची पापणी उघडून बघा, पांढरट असेल तर रक्त पिणारा जंत. जबड्याखाली सूज आली तर थांबूच नका. आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी दिली होती का? एकदम हिरवं खाल्लं की धट्टीकट्टी कोकरंच रात्रीत मरतात.

माळकरी_शिरूर: लस मे मध्ये दिलीय. पापणी दोघांची फिकी वाटते. जंताचं औषध आजच सगळ्यांना पाजू?

व्हेट_पुणे: आधी लेंडी तपासा. सारखं तेच औषध पाजून पाजून जंत दाद देईनासे होतात. फिक्या पापणीची दोन मात्र आजच डॉक्टरांना दाखवा, आणि डोस वजन करूनच, अंदाजपंचे नको.

पुरंदरचा_धनगर: एकाच गायरानात रोज वाघर (मेंढरं रात्री कोंडायची जाळी) लावता का? आमची माणसं दिवाळीनंतर कोकणात उतरायची, एका शेतात दोन-तीन रात्री बसवली की पुढं. चारा तर मिळायचाच पण लेंडीवर परत चरायची पाळी यायची नाय. आता रानं राहिली कुठं म्हणा, सगळीकडं प्लॉटिंग. निदान गायरानाचे तीन-चार तुकडे पाडून फिरवा आणि कोवळ्या तुकड्यावर पहिली कोकरं सोडा, मागनं मेंढ्या. कुसळी गवत निसवायच्या, म्हणजे त्याला तुरे यायच्या आत चारून घ्या, नंतर कुसळं तोंडात रुततात आणि कोकरू चरायचंच सोडतं.

माळकरी_शिरूर: वाघर एकाच जागी असते खरी. लेंडी कशी न्यायची?

व्हेट_पुणे: सकाळची ताजी, झाकणाच्या डबीत, त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. पातळ हगणाऱ्यांची डबी वेगळी.