फॉलिक ॲसिड: तिसरा महिना म्हणजे उशीरच

ताई, ‘वहिनी तिसऱ्या महिन्यात कोल्हापूरला आल्या की फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू’ असं तुम्ही लिहिलंय. कृपया इतकं थांबू नका, आजच तिथल्या डॉक्टरांना विचारून सुरू करा.

गर्भाच्या पाठीवरची पेशींची चपटी पट्टी दुमडून नळी होते, तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो. गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी ही नळी मानेजवळ मिटू लागते आणि २८व्या दिवसापर्यंत दोन्ही टोकं बंद होतात. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू व कवटी नीट बनत नाही. खालचं राहिलं तर मणक्यात फट, पायांत कमजोरी, लघवीवर ताबा नाही.

ही नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड हे ब-जीवनसत्त्व लागतं, म्हणून ते रोज ४०० मायक्रोग्रॅम, तेही दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा दहापट लागते, ती डॉक्टरच ठरवतील. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर आधीच सांगा, पण मनाने बंद करू नका. मेथी-पालक जरूर खावा, मात्र उकडून पाणी पिळून टाकलं की बरंच फोलेट (भाजीतलं नैसर्गिक फॉलिक ॲसिड) त्या पाण्यातच जातं. नुसत्या भाजीवर विसंबू नका. उशीर झाला असला तरी १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.