भीती वाटणे म्हणजे विश्वास उणा असणे का?

प्रश्न : पुढील आठवड्यात आईची शस्त्रक्रिया आहे. रोज प्रार्थना करूनही माझ्या मनातील भीती जात नाही, आणि चर्चच्या मंडळीतील काही जण ‘विश्वास असेल तर भय कशाला’ असे म्हणतात तेव्हा अपराधी वाटते. आपण काय सांगाल?

उत्तर १ : बायबलमधील, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीचा गेथशेमाने बागेतील प्रसंग कृपया पुन्हा वाचावा. प्रभू येशू तेथे व्याकूळ झाले, हा दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती त्यांनी पित्याला केली आणि शिष्यांना सोबत जागे राहण्यास सांगितले. त्या व्याकुळतेला आपण अविश्वास म्हणत नाही.

उत्तर २ : मला पंडिता रमाबाईंचे उदाहरण फार मोलाचे वाटते. दुष्काळातील उपासमारीने ज्यांचे आईवडील आणि बहीण हिरावून नेली, त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. निराधार स्त्रिया व मुलींना आसरा देणारे केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच उभे राहिले. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्यांचे जाणे मला धैर्याचे वाटते. पुढे १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेल्यावरही, मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही.

उत्तर ३ : बायबलमधील स्तोत्र ५६ आईंसोबत मोठ्याने वाचा, त्यात स्तोत्रकर्ता आपले भय देवापुढे उघड मांडतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयात सोबतीला यावे, अशी विनंती पाळकांना आजच करा.