धनप्रभार ‘येतो’ की ‘उरतो’?

प्रश्न : कंगवा कोरड्या केसांवर घासला की त्यावर ‘ऋणप्रभार येतो’ असे म्हणतात. ऋण म्हणजे उणे. मग कंगव्याने काहीतरी गमावले असणार ना? आणि भार, प्रभार, चार्ज यांपैकी कोणता शब्द वापरावा?

उत्तर : कंगव्याने गमावलेले नाही, उलट घेतले आहे. घासताना केसांतले काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. प्रोटॉन अणुकेंद्रात जखडलेले, ते जागचे हलत नाहीत. मग घेणारा ‘ऋण’ कसा? घासलेल्या काचेत वीज ‘जास्त’ आहे असे धरून बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास धन-ऋण ही विभागणी केली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये आणि तो निघाला ऋण! तोवर नावे रुळली होती.

मराठीत मात्र हा गुंता सोडवायला धनको-ऋणको ही सुरेख जोडी आहे. देतो तो धनको, घेतो तो ऋणको. केसांनी इलेक्ट्रॉन दिले, ते धन झाले. कंगव्याने घेतले, तो ऋण झाला. ऋण हा शब्द इथे ‘उणे’ असा न वाचता ‘उसने घेतलेले’ असा वाचा, पुन्हा चूक होणार नाही.

क्रियापदाकडेही लक्ष द्यायला हवे. ‘प्रभार निर्माण होतो’ हे मला खटकते, कारण दोघांचा मिळून प्रभार होता तेवढाच राहतो. ऋणप्रभार साचतो आणि धनप्रभार उरतो, असे म्हटले की चित्र डोळ्यांपुढे येते. साचतो तोही किती? कूलोम हे प्रभाराचे एकक आणि नॅनोकूलोम हा त्याचा अब्जांश; एक नॅनोकूलोम म्हणजे सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन.

‘भार’ वजनालाही म्हणतात, म्हणून ‘प्रभार’ बरा. ‘चार्ज’ मोबाइलसाठी ठेवावा. मोबाइल चार्ज होतो तेव्हा तो प्रभारित होत नाही, त्याच्या बॅटरीत ऊर्जा साठते.

प्रश्न : धनको-ऋणको पटले. पण कागदाचे कपटे तर ‘उदासीन’ असतात, तेही कंगव्याकडे उडी का घेतात?

उत्तर : उदासीन म्हणजे प्रभार नसलेला नव्हे, धन आणि ऋण सारखे असलेला. कंगवा जवळ आला की कपट्यातले इलेक्ट्रॉन किंचित दूर सरकतात, जवळच्या कडेला धन बाजू वरचढ होते आणि कपटा ओढला जातो. इथे देवघेव झालेलीच नाही, म्हणून या कपट्याला ‘धनप्रभारित’ म्हणू नये.