'ऑर्थोगोनल' उपवाहकांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वाळपईतील (सत्तरी तालुका, गोवा) हायर सेकंडरीच्या विद्यार्थ्यांसाठी मल्टिकॅरिअर मॉड्युलेशनवर, म्हणजे माहिती अनेक वाहक लहरींत (उपवाहकांत) वाटून पाठवण्याच्या पद्धतीवर, मराठीत टिपण लिहीत आहे. 'बहुवाहक विरूपण' हा शब्द पटतो. परंतु 'ऑर्थोगोनल'साठी 'काटकोनी' लिहिले की लहरी एकमेकींना काटकोन करून धावतात असा मुलांचा समज होतो. योग्य शब्द सुचवावा.

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण इथे दिशेचा काहीच संबंध नाही. फोर-जीमध्ये उपवाहक १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात आणि एका चिन्हाचा (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याचा) उपयुक्त काळ सुमारे ६६.७ मायक्रोसेकंद असतो. हे दोन आकडे परस्परांचे व्यस्त आहेत. त्यामुळे त्या काळात प्रत्येक उपवाहकाची आवर्तने पूर्णांकात बसतात, आणि कोणत्याही दोन उपवाहकांचा क्षणोक्षणी गुणाकार करून त्याची बेरीज घेतली तर ती शून्य येते. म्हणूनच त्यांचे वर्णपट (वारंवारतांचे पट्टे) एकमेकांवर चढलेले असूनही ग्राहक यंत्राला प्रत्येकावरची माहिती वेगळी काढता येते. मी 'परस्पर-निरपेक्ष' सुचवेन.

दुसरे मत : 'निरपेक्ष' मला मान्य नाही. संख्याशास्त्रातील स्वातंत्र्याची कल्पना निराळी आहे आणि पुढे शिकताना मुलांचा गोंधळ होईल. 'परस्परलंब' लिहावे. अकरावीत सदिशांचा अदिश गुणाकार शिकवताना तो शून्य असेल तर सदिश लंब, असे आपण सांगतोच. वर सांगितलेली बेरीज म्हणजे लहरींचा तसाच गुणाकार आहे.

टिपणात सत्तरीचेच उदाहरण घ्यावे. सह्याद्रीच्या उतारावर आपटून एक किलोमीटर जास्त फिरून आलेली लहर थेट लहरीपेक्षा सुमारे ३.३ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते. एकाच वाहकावर दर मायक्रोसेकंदाला नवे चिन्ह पाठवले, तर हा प्रतिध्वनी पुढच्या तिसऱ्या-चौथ्या चिन्हावर पडेल. तीच माहिती अनेक संथ उपवाहकांत वाटली की प्रत्येक चिन्ह लांबते, आणि त्याच्या शेवटचा तुकडा आरंभी पुन्हा जोडला की (फोर-जीत हा सहसा सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांचा असतो) प्रतिध्वनी त्या राखीव भागातच जिरतो. या तुकड्याला 'चक्रीय पूर्वखंड' म्हणता येईल. नुसते 'रिकामे अंतर' म्हणणे चूक ठरेल, कारण तिथे लहर चालूच असते आणि त्यामुळेच प्रतिध्वनी मिसळूनही परस्परलंबता टिकते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. 'एका चिन्हकालात परस्परलंब असलेले उपवाहक' अशी व्याख्या लिहितो.

दुसरे मत : 'एका चिन्हकालात' हे शब्द मात्र गाळू नयेत. वेगात जाणाऱ्या गाडीत डॉप्लर परिणामाने वारंवारता सरकते, तेव्हा हीच अट मोडते.