टाय डिफेंडर मिळाल्यापासून मिशन हरतोय, कुठे चुकतंय?

सुकाणू:
१९९४ चा 'स्टार वॉर्स: टाय फायटर' खेळतोय, साम्राज्याच्या बाजूने लढाऊ यान उडवायचा संगणक खेळ, जुन्या पीसीवरची डॉसची आवृत्ती. सुरुवातीचे टप्पे, म्हणजे होथनंतरची मिशन्स आणि सेपनचं यादवी युद्ध, यांतलं बरंचसं साध्या टाय फायटर यानात पार पाडलं. त्याला ना शील्ड (ऊर्जेचं कवच), ना हायपरड्राइव्ह (प्रकाशाहून वेगाने जाणारं इंजिन). आता डिफेंडर आलं: शील्ड, चार लेझर, दोन आयन तोफा, वेग बंडखोरांच्या चपळ ए-विंग यानांपेक्षाही जास्त. आणि नेमका आताच हरतोय. काल चार ए-विंग पाडली. वळून बघतो तर ज्या मालवाहू जहाजांची राखण करायची होती त्यांतली दोन गेलेली. परत जाताना शील्ड संपलं, मीही गेलो. जुन्या खेळाडूंनी सांगावं.

मिरजेचा ४८६:
सुकाणू, १९९६ मध्ये मी आणि मावसभाऊ त्याच्या ४८६ संगणकावर हा खेळ खेळायचो. जॉयस्टिक एकच. ती दादाकडे, कळफलक माझ्याकडे. त्यामुळे मी नेम धरायला फार उशिरा शिकलो, पण एफ ९ (लेझरचं चार्जिंग) आणि एफ १० (शील्डचं चार्जिंग) मला झोपेतही सापडायचे. तुझं तिथेच अडतंय असं वाटतं.

लेझर किंवा शील्डचं चार्जिंग वाढवलं की ती ऊर्जा इंजिनातून जाते. दोन्ही कमाल ठेवून उडालास तर डिफेंडरचा वेग, म्हणजे त्याची सगळ्यांत मोठी ताकद, तूच काढून घेतलीस. आम्ही शत्रू लांब असतानाच दोन्ही काठोकाठ भरून घ्यायचो. मग चार्जिंग मधल्या पातळीवर आणायचं, म्हणजे साठा गळत नाही आणि वेग परत मिळतो. झटापटीत शील्ड पडायला लागलं की लेझरमधली ऊर्जा तिकडे ढकलायची. दादा नुसता "शील्ड!" ओरडायचा, माझं बोट आधीच पोचलेलं असायचं.

आता ए-विंगचं. ती तुला लांब ओढून नेतात आणि तू जातोस, कारण डिफेंडरमध्ये ती गाठता येतात. साध्या टायमध्ये गाठताच येत नव्हती, म्हणून तू जहाजांजवळ थांबत होतास. मिशन सुरू झाल्यावर आधी बघ, मालवाहू जहाजांना मारू शकेल असं कोण आहे? बहुतेक वेळा वाय-विंग किंवा बी-विंग, टॉर्पेडो घेऊन संथपणे येणारी. आधी ती. ए-विंग विंगमनना, म्हणजे सोबत उडणाऱ्या साथीदारांना दे: लक्ष्य धर, हल्ल्याच्या हुकमासाठी शिफ्ट-ए दाब. तुझ्या मागे कोणी लागलं तर शिफ्ट-सी, ते तुला वाचवायला येतात.

विंगमनना विसरू नकोस, हे मी कळवळून सांगतोय. हा खेळ करणाऱ्या लॅरी हॉलंडने आधी 'बॅटलहॉक्स १९४२' केला होता, पॅसिफिकमधल्या विमानयुद्धाचा. जपानी झिरो चपळ, पण चिलखत नाही. अमेरिकी वाइल्डकॅट वळायला जड. तरी जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅचच्या वैमानिकांनी एकमेकांचे मार्ग कापत उडून झिरोंना तोंड दिलं: एकाच्या मागे लागलेला झिरो दुसऱ्याच्या मशीनगनसमोर यायचा. साध्या टायमध्ये मला झिरोच दिसतो. डिफेंडरमध्ये बसलं की जोडीदार लागतच नाही असं वाटायला लागतं.

निळी_ज्योत:
मिरजेचे दादा म्हणतात ते बरोबर. फक्त ट्रॅक्टर बीम, म्हणजे शत्रूचं यान पकडणारा किरण, राहिला. ए-विंग फार सतावत असेल तर बीमने धरा, तिला वळता येत नाही. पण बीम चार्ज करायलाही इंजिनाचीच ऊर्जा जाते. आणि 'डिफेंडर ऑफ द एम्पायर' विस्तार नक्की खेळा. साम्राज्याचा अ‍ॅडमिरल झारिन फितूर झाल्यावर तीच डिफेंडर समोरून येतात आणि तुम्हाला मिसाइल बोट मिळते. लेझर एकच, क्षेपणास्त्रं भरपूर, आणि स्लॅम (वेग वाढवणारी यंत्रणा) चालू केलं की लेझरची ऊर्जा जाळून ती सुसाट सुटते. डिफेंडर कुठे कमी पडतं ते मला तेव्हा कळलं.

सुकाणू:
मिरजेचे दादा, आज आधी वाय-विंग घेतली, ए-विंग विंगमनकडे सोपवली. एक विंगमन गेला, पण सगळी मालवाहू जहाजं हायपरस्पेसमध्ये पोचली. एफ ९ आणि एफ १० वर पांढरी पट्टी चिकटवलीय. निळी_ज्योत, बीम उद्या.