मदत हवी आहे: आयसीयूतून हेल्थकेअर डेटा सायन्सकडे कसं वळू?

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी नर्सिंग, पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स. बारावीला पीसीबी, त्यामुळे गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. एक्सेल जमतं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकतेय, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच सुरू केलीय.

बोस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलचा मिमिक-4 हा पेशंटच्या निनावी नोंदींचा डेटा अभ्यासासाठी फुकट मिळतो (आधी संशोधन-नीतीचा ऑनलाइन कोर्स आणि करार करावा लागतो). त्यावर एखादा प्रोजेक्ट करावा म्हणते. आर्टिरियल लाइनचं (धमनीतल्या नळीतून सतत मोजलं जाणारं) बीपी अचानक 300 दिसलं, तर पेशंट नाही बिघडला, कुणीतरी लाइन फ्लश केलीय (सलाइन सोडून नळी साफ केलीय), हे आपल्या नर्सेसना सांगावं लागत नाही. नुसत्या कोडिंगवाल्याला ते कसं कळणार? पण या समजेला इंटरव्ह्यूत कुणी किंमत देतं का?

आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्समधल्या ऑनलाइन बीएस पदवीला दहावीचं गणित चालतं, पण नाइट ड्युटी करून झेपेल? की आधी क्लिनिकल डेटा मॅनेजमेंटमध्ये (औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासणं-सांभाळणं) शिरून मग पुढे सरकावं? नर्सिंगमधून गेलेल्या कुणी असाल तर पहिली नोकरी कोणत्या पदावर मिळाली, पगार किती घसरला, स्पष्ट सांगा. ‘एआय सगळं खाणार’ एवढं मात्र नको, ते घरी रोज ऐकते.