न्यू पॅलेसला बेळगावहून: रेल्वे नको, बस बरी

बेळगावहून कोल्हापूरचा न्यू पॅलेस बघायला रेल्वेने जा, असं काहीजण सुचवतात. ते पटत नाही. बेळगावची गाडी मिरजेला जाते, तिथून कोल्हापूरसाठी पुन्हा उलटं यावं लागतं. बस हायवेने संकेश्वर, निपाणी, कागल करत सरळ जाते, अंतर साधारण ११० किमी. फक्त पुणे-मुंबईच्या बसमध्ये चढण्याआधी ती कोल्हापूर स्टँडला जाते का हे विचाराच, कारण बऱ्याच गाड्या तावडे हॉटेलपाशी हायवेवरच उतरवतात. स्टँडवरून पॅलेस दीडदोन किलोमीटर. कसबा बावड्याकडे जाणारी केएमटी (कोल्हापूरची शहर बस) धरा आणि न्यू पॅलेसवरून जाते का हे कंडक्टरला आधी विचारा. नाहीतर रिक्षा आहेच.

आता बायकांच्या तिकिटाचा मुद्दा. कर्नाटकच्या बसचं थेट कोल्हापूरचं तिकीट काढलं तर 'शक्ती' (कर्नाटक सरकारची महिलांसाठी मोफत बसप्रवासाची योजना) लागू होत नाही. पण राज्यातल्या राज्यात धावणाऱ्या साध्या बसने निपाणीपर्यंत फुकट जाता येतं. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. निपाणीत महाराष्ट्राची एसटी पकडली की हद्दीपासून पुढे महिलांना निम्मं भाडं. अर्थात बस बदलण्यात वेळ जातो, लहान मुलं बरोबर असतील तर थेट गाडीच सोयीची. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवर थांबतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये तसंच झालं होतं. अशा दिवसांत निघण्याआधी स्टँडवर चौकशी करा, आणि परतीच्या गाडीचीही. पॅलेसच्या आत फोटो काढू देत नाहीत.